वाघ-बकरी घेऊन यवतमाळ जिल्ह्यात

खेळ विकायला गावोगाव हिंडणारी माणसं पुष्कळ असतील. मी गेल्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात हिंडले ती खेळ विकावा लागू नये म्हणून.

माझा धंदा फोनवरचे खेळ रचण्याचा. तासन्‌तास चालणाऱ्या मोठाल्या लढाया मी रचत नाही. बस यायची आहे, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची आहे, डॉक्टरांनी अजून आत बोलावलेलं नाही, अशा रिकाम्या पाच मिनिटांत खेळायचे हलकेफुलके खेळ माझे. अठरा वर्षं पुण्यात नोकरी करून मी असे खेळ रचले, आणि त्यांतल्या निम्म्यांची मला आज लाज वाटते. पहिल्या दहा पायऱ्या मुद्दाम सोप्या ठेवायच्या, अकराव्या पायरीवर माणसाला अडवायचं, त्याचे ‘जीव’ संपवायचे आणि मग गोड आवाजात म्हणायचं, ही जाहिरात बघ, एक जीव देते. हे सगळं मी माझ्या हातांनी केलंय. लोक खेळत होते, पण उठताना चेहरा आंबलेला असायचा. चांगल्या खेळाबद्दल माझं म्हणणं साधं आहे. माणूस बसला होता त्यापेक्षा उठताना ताजा दिसला पाहिजे.

म्हणून नोकरी सोडली आणि निनाद नावाच्या, माझ्याहून बारा वर्षांनी लहान प्रोग्रामरला जोडीला घेऊन एकच खेळ केला: वाघ-बकरी. एका बाजूला तीन वाघ, दुसऱ्या बाजूला पंधरा बकऱ्या. वाघांनी उडी मारून बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघांना कोंडायचं. एकाच फोनवर समोरासमोर बसून खेळायचा. जाहिरात नाही, नाणी नाहीत, इंटरनेटही लागत नाही. लहानपणी यवतमाळला आमच्या घराजवळच्या फरशीवर कोळशानं आखलेला हा पट मी पाहिला होता, तो डोक्यातून कधी गेला नाही.

एका मोठ्या कंपनीला आमचं वाघाचं चित्र आवडलं. खेळ आम्हाला द्या, त्यात जीव, नाणी, जाहिराती आम्ही घालतो, असा त्यांचा निरोप होता. शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. निनाद ‘हो’ म्हणायच्या बाजूचा. त्याचंही चूक नव्हतं. दीड वर्षं आम्ही दोघं घरच्यांच्या जिवावर जगत होतो.

“कशाचंही आमिष नसताना, तू समोर नसताना, कुणीतरी आपणहून हा खेळ दुसऱ्यांदा उघडला पाहिजे,” तो म्हणाला. “असा एक माणूस दाखव. मी कंपनीला नाही म्हणतो.”

“एकच?”

“एकच. पण तुझे नातेवाईक नकोत.”

सोमवारी संध्याकाळी मी यवतमाळची बस धरली.

मंगळवार, नेर

नातेवाईक नकोत म्हटलं तरी पहिला मुक्काम मावशीकडेच पडला. नेरला उतरून तिच्याकडे न जाता पुढे गेले असते तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. कापसानं भरलेल्या गाड्या बाजाराकडे लागल्या होत्या आणि स्टँडपासून घरापर्यंत हवेत पांढरी तूस उडत होती. मावशीनं तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर केली होती. पुण्यात ही आमटी मी दरवर्षी करून बघते आणि दरवर्षी ती तुरीच्या डाळीचीच लागते.

काका तहसील कचेरीतून रिटायर झालेले. आयुष्यभर एक फाईल उशिरा पुढे सरकवली नाही असा माणूस आता खुर्चीत बसून रंगीत फळं फोडत होता. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, “पाच मिन्टं बस, माह्या खेळातले जीव भरून राह्यले.”

“यायले पोळी वाढाची का नाही, ते आता त्या फोनले इचारा लागते,” मावशी आतून म्हणाली.

जाहिरात लागली की काका आवाज वाढवून ती शेवटपर्यंत बघत. एखादं परिपत्रक वाचावं तशी. मी वाघ-बकरी काढून दिली. ते ताठ बसले, चष्मा पुसला, माझ्याशी एक पूर्ण डाव खेळले आणि जिंकले.

“छान आहे,” ते म्हणाले. “सभ्य खेळ आहे. पण यात भेटते काय?”

“काही नाही. खेळायला मिळतं.”

“मंग उद्या मी कायले उघडू? इकडं पाहा, रोज सकाळी हजेरी लावतो म्हनून मले पेटी भेटते. एक दिवस चुकलो का सारी हजेरी गेली पाण्यात.”

रोजच्या हजेरीची ती युक्ती आमच्याच जुन्या कंपनीत निघाली होती आणि ज्या चौघांनी ती काढली त्यांत मी एक होते. तेव्हा मला बढती मिळाली होती. आता तीच युक्ती माझ्याच काकांना सकाळी सहाला उठवून, मस्टरवर सही करायला लावत होती. मावशीच्या आमटीचा दुसरा वाडगा मी नको म्हटला, यावरून माझी अवस्था ओळखावी.

बुधवार, आर्णीजवळचा तांडा

खेळ रचताना नियम विचारायला एका ओळखीतून मला सविताचा नंबर मिळाला होता. ती आर्णीजवळच्या एका बंजारा तांड्यातली सून, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. तिनं फोनवरून सगळे नियम सांगितले होते, मी वहीत उतरवले होते आणि पुण्यात बसून उंटावरून बकऱ्या हाकल्या होत्या. तांड्यात प्रत्यक्ष आज पहिल्यांदा निघाले होते.

सविता स्कूटी घेऊन स्टँडवर आली. शहरात बायका ‘मी येते’ म्हणतात. इकडे बाईही ‘मी येतो’ म्हणते. लहानपणी मीही तसंच बोलायचे. पुण्याला कॉलेजात मुली हसल्या आणि मी ते टाकून दिलं. सविताच्या मागं बसल्यावर पाच मिनिटांत ते परत तोंडात आलं आणि फार बरं वाटलं.

अर्ध्या वाटेत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेताकडेला चाकात बाभळीचा काटा गेला. उरलेली वाट आम्ही स्कूटी ढकलत, बांधावरच्या तुरीच्या हिरव्या शेंगा सोलून खात काढली.

“तुमच्या खेळातला वाघ पाहून आमचे लोक हासतीन,” सविता म्हणाली. “तिकडं पांढरकवड्याच्या अंगाले खराच हाये. त्याले कोंडत नाही कोनी, थोच आपल्याले कोंडते.”

तिची सासू गमलीबाई दारातच होती. दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, केस पूर्ण पिकलेले, नजर मात्र सुईत दोरा ओवेल अशी. “आव, बेस,” ती म्हणाली आणि पाणी पुढं केलं.

दिवस मावळायच्या आधी बाया कापूस वेचून परतल्या. देवळासमोरच्या ओट्यावर पट कोरलेलाच होता, रेघा पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. विटेचे तीन तुकडे म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. मी फोन दिला तेव्हा सर्वांना दिसावा म्हणून सवितानं तो सुपात ठेवला आणि सूप ओट्यावर. सात बाया भोवती बसल्या. गमलीबाईकडे बकऱ्या, शेजारच्या एका बाईकडे वाघ. डाव सुरू झाला. वाघ गुरगुरला तशा सगळ्या हसल्या, आणि मला वाटलं, जमलं.

मग गमलीबाईनं एका बकरीवर बोट टेकवलं आणि थांबली. भोवतालच्या पाचही जणी एकदम बोलू लागल्या. इकडं नको, तिकडं घे, मागची उघडी पडते. गमलीबाई सगळ्यांचं ऐकत होती, बोट तसंच. तेवढ्यात माझ्या खेळातली तीस सेकंदं संपली. वेळ संपला की खेळ स्वतःच एक चाल करून टाकतो, तशी त्यानं केली. बकरी टुणकन पुढच्या घरात गेली आणि वाघानं ती खाल्ली.

सगळ्या जणी सुपावर वाकल्या.

“माह्या बकरीले कोनं हाकललं?” गमलीबाईनं विचारलं.

“वेळ संपला, आजी. तीस सेकंदांत चाल करायची असते.”

“कोनं सांगतलं?”

खरंच, कुणी सांगितलं होतं? वहीत असा नियम नव्हता. तो मी घातला होता, आणि घातला हे मला आठवतही नव्हतं. फोनवरच्या प्रत्येक खेळात माणसाच्या मागं घड्याळ लावायचं असतं, ही अठरा वर्षांची सवय. जाहिराती काढल्या, जीव काढले, नाणी काढली आणि स्वतःला मोठी साध्वी समजत होते. घड्याळ मात्र आत ठेवून बसले होते.

“मी हात उचललाच नोता,” गमलीबाई म्हणाली. ती चिडली नव्हती. सुनेच्या शहरातल्या पाहुणीला एवढंही ठाऊक नाही याची तिला कीव आली होती. “हात उचलेपर्यंत चाल नाही. तवरिक सारे बोलतीन, मी ऐकीन. हात उचलला का मंग देवही आला तरी चाल वापस नाही.”

मी सविताकडे पाहिलं. “हा नियम तू फोनवर सांगितला नाहीस.”

“हा काय सांगाचा नियम हाये ताई?” ती म्हणाली. “तुमी जेवाले बसाचं कसं ते इचारता का कोनाले?”

बायांनी सूप बाजूला सरकवलं आणि ओट्यावर चिंचोके मांडले. फोन तसाच पडून राहिला. पुण्यात बुद्धिबळ बघणारा माणूस मध्ये बोलला तर त्याला हाकलतात. इथं बघणाऱ्यानं बोलायचं नाही तर यायचं कशाला, अशी रीत. पुण्यात खेळ दोघांचा असतो, इथं ओट्यावर बसलेल्या सगळ्यांचा. आमच्या धंद्यात हल्ली सगळे म्हणतात की उद्या यंत्रच एका दिवसात शंभर खेळ रचेल, प्रत्येक माणसाची दुखरी जागा हुडकून त्याच्यापुरता एक. म्हणजे जितके फोन तितकी एकटी माणसं. मला त्या संध्याकाळी ओट्यावर नेमकं त्याच्या उलट दिसत होतं आणि माझा खेळ चुकीच्या बाजूला पडला होता. मला रडू आलं. मी ते तिखटावर ढकललं, कारण तोवर आम्ही जेवायला बसलो होतो: एकाच परातीत ज्वारीची बाटी म्हणजे भाकर, लसणाची चटणी आणि वांग्याचं भरीत, परातीभोवती आम्ही तिघीजणी. माझ्या माहेरी वाटी ताटाच्या कुठल्या बाजूला ठेवायची यावरून भांडणं व्हायची.

गुरुवार, तांड्यातच

सकाळी रेंज शोधत मी पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि निनादला फोन लावला.

“घड्याळ काढ,” मी म्हटलं. “बोट ठेवलं आहे तोवर चाल नाही. उचललं की झाली.”

“घड्याळ काढलं तर डाव संपणारच नाहीत.”

“नाही संपले तर नाही. तुला कुठं जायचंय?”

“शर्त लागल्यावर तू खेळ बदलतेयस, वसुधाताई.”

“मी खेळ बदलत नाहीये. आपण बिघडवला होता, तो दुरुस्त करतेय.”

निनादचा एक गुण आहे, पटलं की तो वाद लांबवत नाही. दुपारी चारला दुरुस्त केलेला खेळ टाकीखाली माझ्या फोनवर उतरला. बोट टेकलं की आता बकरीभोवती हलकं वर्तुळ उमटायचं आणि ती शांत उभी राहायची. बोट सरकवावं, परत आणावं, विचार करावा. उचललं की चाल पक्की.

संध्याकाळी मी काही न बोलता सूप ओट्यावर ठेवलं. गमलीबाईनं एका बकरीवर बोट टेकवलं आणि मुद्दाम माझ्याकडे बघत बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली. बकरी हलली नाही. गमलीबाईच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

“आता समजते याले,” ती म्हणाली.

मग जो कालवा उठला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. पाच जणी एका बोटाला सल्ला देत होत्या. पहिला डाव पाऊण तास चालला आणि गमलीबाईनं तिन्ही वाघ कोंडले. शेवटचा वाघ अडकला तशी ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि ओट्यावर उभी राहून तिनं सगळ्यांकडे बघून घेतलं, सरपंचाची निवडणूक जिंकल्यासारखं. बसली होती त्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होती. मला अठरा वर्षांत कुणी खेळणाऱ्यानं असा चेहरा दाखवला नव्हता. मी धावत टाकीपाशी गेले.

“निनाद, खेळतायत. दुसरा डाव मांडलाय.”

“तू समोर आहेस ना?” तो म्हणाला. “पाहुण्याच्या मनासाठी माणसं कारल्याची भाजीसुद्धा मागून घेतात.”

मला राग आला, पण शर्त शर्त होती.

मी दुसऱ्या दिवशी मुकुटबनला निघणार हे कळल्यावर सवितानं कापडात बांधलेला एक डबा दिला. तिची नणंद शारदा तिथं दिलेली, ब्लाउज शिवायचं दुकान चालवते. तिच्यासाठी आईच्या हातचे तिळाचे लाडू. माझ्याकडून सवितानं खेळ स्वतःच्या फोनवर घेतला होता. रात्री टाकीखाली उभी राहून ती त्या फोनवर काहीतरी करत होती. मला वाटलं, ग्रामपंचायतीचं काम असेल.

शनिवार, मुकुटबन

शुक्रवार बसमध्ये गेला, रात्र वणीला काढली. वणीच्या पुढं कोळशाच्या ट्रकांनी रस्ता काळा केलेला, पऱ्हाटीवरच्या कापसावरही राखी झाक. शनिवारी सकाळी मुकुटबनला उतरले तेव्हा माझा पांढरा कुडता चहाच्या गाळणीसारखा झाला होता. निनादचा मेसेज आला होता: ‘दुपारी बाराला उत्तर पाठवायचंय. मेल लिहून ठेवलाय.’ कोणतं उत्तर, ते त्यानं लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

हॉटेलात कढीत बुडवलेला आलूबोंडा खाल्ला आणि दोन जणांना खेळ दाखवला. एकानं मान हलवली. दुसऱ्यानं यात नवा सिनेमा दिसतो का, असं विचारलं. अकरा वाजून गेले. म्हटलं, निदान लाडू तरी पोचवू.

शारदाचं दुकान विचारत गेले. आत शिलाई मशीन बंद होतं आणि तीन बाया खाली बसल्या होत्या. मध्ये दोऱ्याच्या रिळांचा पत्र्याचा डबा पालथा घातलेला, त्यावर फोन. एकीचं बोट पडद्यावर टेकलेलं. दुसरी म्हणत होती, “उचलू नको, उचलू नको, डावीकडची पाह्य आधी.”

वाघ गुरगुरला. मी उंबऱ्यातच थांबले.

“कोन पाह्यजे ताई?” बोटवाली मान वर न करता म्हणाली. तीच शारदा.

“आर्णीहून आले. सविताकडून डबा आहे.”

“या, बसा. एवढा वाघ कोंडतो अन् च्या ठेवतो.”

मी बसले. मग विचारलं, “हा खेळ कुठून आला?”

“परवा वहिनीनं धाडला फोनवर. आमी माहेरी ओट्यावर खेळतो हा. इथं लग्न होऊन आल्यापासून जोडीदारीणच नोती मले. आता या दोघीले शिकवला.” तिनं दुसऱ्या हातानं शेजारी बसलेल्या बाईकडे बोट केलं. “ही तं काल दुपारी खेळून गेली, अन् आज दुकान उघडाच्या आधी शटरपाशी उभी.”

ती बाई कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, नाव जंगूबाई. ती लाजून हसली. “ब्लाउज न्याले आलती,” ती म्हणाली.

“ब्लाउज कालच नेला तिनं,” शारदा म्हणाली.

मी हसू की रडू अशी झाले आणि दोन्ही केलं. त्या तिघी माझ्याकडे बघत राहिल्या. उन्हातून आलेल्या बाईला चक्कर आली असं समजून जंगूबाईनं पाणी दिलं.

“तुमाले येते का हा खेळ?” शारदानं विचारलं.

“थोडा थोडा.”

“मंग वाघ घ्या. सांगतो तुमाले.”

दीड वर्षं ज्याच्या एकेका घराचा विचार केला तो खेळ मला तिथं शिकवण्यात आला, आणि शिकवता शिकवता माझे दोन वाघ कोंडण्यात आले. तिसऱ्यावर बोट ठेवून मी वाट शोधत होते तेव्हा पिशवीतला माझा फोन वाजला. निनाद. डाव्या हातानं तो काढून मी आवाज मोठा केला.

“बारा वाजतायत,” तो म्हणाला. “काय करू?”

“मॅडम बोलू शकत नाहीत,” शारदाच म्हणाली. “त्यायचा हात वाघावर हाये. हरून राह्यल्या त्या.”

“कोण बोलतंय?”

मी सांगितलं. या कोण आहेत, खेळ त्यांच्याकडे कुणी धाडला, काल कोण खेळलं आणि आज सकाळी शटरपाशी कोण उभं होतं. मी इथं सव्वाअकराला पोचले तेव्हा डाव अर्धा झाला होता, हेही सांगितलं.

“वाघ कुठं आहे तुझा?” मग निनाद म्हणाला.

“वरच्या कोपऱ्यात.”

“मधल्या रेघेवरून उडी घे.”

घेतली. जंगूबाईनं शांतपणे एक बकरी पुढं सरकवली आणि माझा तिसरा वाघही अडकला. तिघींनी टाळ्या पिटल्या. फोनमध्ये निनाद मोठ्यानं हसत होता. त्याला असा हसताना मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

“वसुधाताई, मी तो मेल खोडलाय,” तो म्हणाला. “दुसरा लिहितो. काय लिहू?”

“लिही की खेळ विकायचा नाही.”

शारदा लाडवांच्या डब्याची गाठ सोडत होती. ती थांबली. “कोनता खेळ इकाचा होता?”

“हाच,” मी म्हटलं.

तिनं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं.

“हा कोन इकनार?” ती म्हणाली. “हा तं माह्या मायचा हाये.” आणि तिळाचा एक लाडू माझ्या हातावर ठेवून तिनं बकऱ्या परत मांडायला घेतल्या.